नागपुरी संत्र्याची गोठवलेली पाई: ओव्हन नको, अंडे नको

लिंबाच्या पाईची कृती समोर ठेवायची आणि लिंबाच्या रसाऐवजी तेवढाच संत्र्याचा रस ओतायचा, इथेच बहुतेकांची पहिली पाई बिघडते. सारण पातळच राहते, फ्रीजरमध्ये त्याचा बर्फाचा गोळा होतो आणि खाताना चव लागते ती नुसत्या गोड दुधाची. दोष संत्र्याचा नाही. नागपुरी संत्र्याच्या रसात आंबटपणा बेताचाच असतो आणि त्याचा खरा सुगंध सालीवरच्या तेलाच्या बारीक ठिपक्यांत असतो. म्हणून या पाईत कामे वाटून द्यायची. आंबटपणा आणि घट्टपणा लिंबाने द्यायचा, वास संत्र्याच्या सालीने, आणि संत्र्याचा रस थोडासाच, दोघांची सांगड घालण्यापुरता. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

लिंबाची पाई मुळात अमेरिकेची. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ताजे दूध मिळणे अवघड होते, पण डब्यातले कंडेन्स्ड मिल्क टिकायचे. गेल बोर्डेन यांनी त्याचे पेटंट 1856 साली घेतले होते. त्या बेटांवर जे लहान, पातळ सालीचे, रसाळ लिंबू होते ते 'की लाइम'. ते आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे. त्यामुळे बाजारात मोठे पिवळे परदेशी लेमन शोधत फिरण्याची काहीच गरज नाही. भाजीवाल्याकडचे कागदी लिंबूच या पाईला जास्त जवळचे आहे. तिकडच्या जुन्या कृतीत अंड्याचा बलक असतो. इथे तो घालत नाही, कारण न भाजता कच्चे अंडे खाण्यात धोका आहे, आणि त्याच्याशिवाय पाई उत्तम होते.

हाताने करायचे काम साधारण 50 मिनिटांचे आहे. त्यानंतर फ्रीजरमध्ये किमान 6 तास, खरे तर रात्रभर. पाहुणे रविवारी दुपारी येणार असतील तर शनिवारी संध्याकाळी करायला घ्या.

कोणते संत्रे घ्यायचे

नागपूरला संत्र्याचे दोन बहर येतात. आंबिया बहराची फळे पावसाळा सरता सरता यायला लागतात आणि डिसेंबरपर्यंत चालतात. ती किंचित आंबट असतात. मृग बहराची फळे जानेवारीनंतर येतात, ती जास्त गोड. पाईला आंबियाची फळे अधिक चांगली, कारण त्या थोड्या आंबटपणाचा इथे उपयोग होतो. मृगाची घेतली तर लिंबाचा रस 1 मोठा चमचा वाढवा. काटोल, नरखेड, कळमेश्वर किंवा पलीकडे वरुड, मोर्शी, कुठल्याही बागेतली चालतील. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे संत्रे सैल सालीसाठी ओळखले जाते, आणि ही सैल सालच साल किसताना त्रास देते. त्यावरचा उपाय पुढे आहे.

फळ हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे. साल फुगलेली आणि आत फोडी हलताहेत असे जाणवले तर फळ जुने झाले आहे, त्यात रस कमी आणि चोथा जास्त. साल थोडी हिरवट असली तरी काही बिघडत नाही. आंबियाच्या सुरुवातीच्या फळांची साल हिरवी असूनही आत फळ तयार असते आणि हिरवट सालीचा वास उलट जास्त तिखट असतो. जास्त चकचकीत फळांवर मेणाचा थर असण्याची शक्यता असते, म्हणून साल वापरायची असल्याने फळे कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा.

मोसंबी या पाईला घेऊ नका. तिच्यात आंबटपणा फारच कमी आणि सालीलाही संत्र्यासारखा वास नाही. हिवाळ्यात गाड्यांवर दिसणारे गडद केशरी, घट्ट सालीचे किन्नू चालेल. त्याची साल किसायला सोपी जाते, पण त्यात बिया खूप असतात, त्या एकूण एक काढाव्या लागतील. बाटलीतला किंवा डब्यातला संत्र्याचा रस नको. त्याला वास नसतो आणि साखर असेल तर सगळे गणित चुकते.

साहित्य

8 इंची (20 सेंमी) गोल, साधारण 4 सेंमी खोल भांड्यासाठी. 10 तुकडे होतात.

तळासाठी
मारी बिस्किटे: 200 ग्रॅम
लोणी (मिठाचे, दुकानात मिळते ते): 100 ग्रॅम
पिठीसाखर: 1 मोठा चमचा, हवी असल्यास

सारणासाठी
कंडेन्स्ड मिल्क: 1 डबा, साधारण 400 ग्रॅम
कागदी लिंबाचा गाळलेला रस: 70 मिली (4 ते 5 लिंबे)
नागपुरी संत्री: 3 मध्यम. त्यांची किसलेली साल दीड मोठा चमचा, आणि गाळलेला रस 100 मिली
एका लिंबाची किसलेली साल
व्हिपिंग क्रीम, 30 टक्के किंवा जास्त फॅटचे: 200 मिली
मीठ: चिमूटभर

मोठा चमचा म्हणजे 15 मिली. घरी वजनकाटा नसेल तर लोण्याच्या पाकिटावरचे आणि बिस्किटाच्या पुड्यावरचे वजन वाचा, त्यावर काम भागते. रस मात्र अंदाजाने घेऊ नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण किंवा बाळाची दुधाची बाटली असली तरी मिलीचे माप मिळते.

क्रीमबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये 'फ्रेश क्रीम' मिळते, त्यात फॅट साधारण 25 टक्के असते. ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही. पाकिटावर फॅटचा आकडा वाचा, 30 किंवा वर असेल तरच घ्या. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेले, वनस्पती तेलाचे व्हिप टॉपिंगही मिळते. ते उन्हाळ्यात जास्त चांगले टिकते आणि फेटायला सोपे आहे. पण ते आधीच गोड असते आणि फुगते दुप्पट-तिप्पट. ते वापरायचे तर 150 मिलीच घ्या आणि कंडेन्स्ड मिल्क 300 ग्रॅमवर आणा. चवीत दुधाचे क्रीम पुढे आहे, जिभेवर तेलाचा थर राहत नाही. हिवाळ्यात करत असाल तर दुधाचेच घ्या.

भांडे

तळ सुटा होणारा केकचा साचा सगळ्यात सोयीचा. काचेची पाई डिशही चालते, तीतून तुकडे काढताना पहिला तुकडा थोडा मोडेल इतकेच. दोन्ही नसेल तर काठ असलेले स्टीलचे खोल ताट किंवा कुकरचा पसरट डबा घ्या. त्यात बटर पेपरच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या अशा ठेवा की टोके बाहेर लोंबतील. पाई गोठली की त्या टोकांना धरून अख्खी उचलता येते.

ॲल्युमिनियमच्या साच्यात आंबट सारण थेट लागू देऊ नका. आम्लाची धातूशी क्रिया होते, चव धातूची लागते आणि कडेला राखाडी रंग येतो. ॲल्युमिनियमच वापरायचे असेल तर तळाला आणि कडांना पूर्ण बटर पेपर लावा. सारण कालवायलाही स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे घ्या. पितळ-तांब्याचे तर अजिबात नको.

आधीची तयारी

करायला घेण्याच्या 2 तास आधी संत्री फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावर साल कडक होते आणि किसणीवर घसरत नाही. क्रीम फ्रिजमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, रात्रभर असले पाहिजे. फ्रीजरमध्ये नको. दुधाचे क्रीम गोठले की फॅट वेगळे होते आणि मग ते फेटले जात नाही. गोठवलेले व्हिप टॉपिंग असेल तर उलटे. ते रात्रभर खालच्या कप्प्यात सुटू द्या, फेटताना त्यात थोडे बर्फाचे कण राहिले तर उत्तम. स्टीलचे पातेले आणि बीटरची पाती 15 मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये भांड्याला सपाट जागा आत्ताच करून घ्या. सारण भरलेली पाई एका हातात धरून दुसऱ्या हाताने मटारच्या पिशव्या सरकवणे फार अवघड जाते.

तळ

बिस्किटे मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. जाड रव्यासारखी झाली की थांबा. पिठासारखी बारीक केली तर तळ दगडासारखा घट्ट बसतो आणि मोठे तुकडे राहिले तर कापताना तिथून भेगा जातात. मिक्सर नसेल तर जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटा.

लोणी मंद आचेवर नुसते वितळवा, उकळी आणू नका. ते बिस्किटाच्या चुऱ्यात घालून चमच्याने नाही, बोटांनी चोळा. आता मूठ दाबून बघा. लाडू वळला जातो तसा गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर बरोबर. गोळाच होत नसेल तर 1 चमचा वितळलेले लोणी वाढवा. हाताला तेलकट चमक आली तर दोन बिस्किटे अजून कुस्करून घाला. मारी कोरडे असते म्हणून लोणी 100 ग्रॅम लागते. डायजेस्टिव्ह बिस्किटे घेतली तर त्यांच्यात आधीच तूप-तेल असते, तिथे 80 ग्रॅम पुरते. घरचे साजूक तूप वापरायचे असेल तर तेही 80 ग्रॅमच, कारण लोण्यात पाणी असते आणि तुपात नसते. तुपाचा तळ गोठल्यावर जरा रवाळ लागतो, पण चव छान येते. मग मीठ मात्र वेगळे घालावे लागेल, दोन चिमटी.

मिश्रण भांड्यात ओता. आधी कडा उभ्या करा, मग मधला भाग. वाटीच्या सपाट बुडाने दाबत चला. जाडी 5 मिमी, कडेची उंची 3 सेंमी. तळ आणि कड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात नेहमी जास्त चुरा साचतो, तिथे अंगठ्याने दाबून पातळ करा, नाहीतर सुरी तिथे अडकते. घट्ट दाबा, पण अंगाचा सगळा जोर लावू नका. भांडे 20 मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा. या वेळात सारण करायचे.

साल आणि रस

इथे घाई करू नका. पाईची सगळी चव या दहा मिनिटांत ठरते.

संत्री आणि एक लिंबू अख्खे असतानाच साल किसा. एकदा सोलले की सैल साल किसता येत नाही. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या, फळ एकाच दिशेने हलक्या हाताने ओढा, एका जागी दोनदा ओढू नका. फक्त केशरी रंग निघाला पाहिजे. त्याखालचा पांढरा थर कडू असतो. किसताना हवेत बारीक तुषार उडून वास पसरतो, तेच ते तेल. ते वाया जाऊ नये म्हणून साल थेट कंडेन्स्ड मिल्कच्या भांड्यावरच किसा. बारीक किसणी नसेल तर सोलाण्याने पातळ केशरी पट्ट्या काढा, 1 मोठा चमचा साखरेबरोबर मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा. साखरेचे दाणे तेल ओढून घेतात.

रसासाठी संत्री मिक्सरमध्ये घालायची नाहीत. नागपुरी संत्र्याचा रस थोड्या वेळाने कडू होतो हे इथल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. फळात, विशेषतः बियांत आणि पांढऱ्या धाग्यांत, एक पदार्थ असतो जो स्वतः कडू नसतो. फळ चिरडले की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन होते. ते कडू असते. बिया फुटल्या तर हे प्रमाण खूप वाढते आणि उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच 'रस आटवून घ्या म्हणजे चव गडद होईल' हा सल्ला या फळाला लागू करू नका. आटवल्याने पाणी कमी होते हे खरे, पण कडवटपणाही त्याच प्रमाणात घट्ट होतो.

फळ सोला, धागे ओढून काढा, फोडी सुट्या करा. प्रत्येक फोडीची आतली, बियांकडची कड कात्रीने कापा, बिया काढा आणि फोडी चाळणीवर चमच्याच्या पाठीने हलके दाबा. चोथ्यातून शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा. 3 मध्यम फळांतून 100 मिली रस सहज निघतो. उरलेल्या फोडी खाऊन टाका. रस काढल्यावर 15 मिनिटांच्या आत वापरा.

लिंबे पोळपाटावर तळहाताखाली लोळवा म्हणजे रस मोकळा होतो. कापा, पिळा, गाळा. बिया न चुकता काढा.

सारण

1. कंडेन्स्ड मिल्क, किसलेल्या साली आणि मीठ एका भांड्यात कालवा. त्यात लिंबाचा रस तीन वेळा विभागून घाला, दर वेळी पूर्ण मिसळू द्या. आता 10 मिनिटे हात लावू नका. मिश्रण तुमच्यासमोर घट्ट होईल. दुधातले केसीन हे प्रथिन आम्लात, सामू (pH) 4.6 च्या आसपास आला की, एकमेकांना धरते. पनीर करताना हेच होते. इथे पनीरसारखे फाटत नाही, कारण मिश्रणात भरपूर साखर असते, पाणी कमी असते आणि ते तापवलेले नसते. चमचा उचलल्यावर धार न लागता मिश्रण जाडसर पडले पाहिजे.

2. घट्ट झाल्यावरच संत्र्याचा रस घाला आणि मिसळा. मिश्रण थोडे सैल होईल, ते अपेक्षित आहे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी संत्र्याचा रस घातला, तर दूध पातळ होते आणि नंतर लिंबाने नीट घट्ट होत नाही. आता चाखा. या टप्प्यावर ते तुम्हाला थोडे जास्त गोड आणि जास्त आंबट दोन्ही वाटले पाहिजे. गोठल्यावर जिभेला चव मंद लागते. आत्ता अगदी बरोबर वाटले तर उद्या फिके वाटेल. आंबटपणा कमी असेल तर चमचाभर लिंबू वाढवा. हे भांडे फ्रिजमध्ये ठेवा.

3. गार पातेल्यात क्रीम ओता. नागपूरच्या उन्हाळ्यात एका मोठ्या भांड्यात बर्फ आणि पाणी घालून त्यात हे पातेले ठेवणे भागच आहे, एरवीही चांगलेच. बीटर आधी कमी वेगाने, फेस आला की मध्यम वेगाने चालवा. पाती उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून किंचित वाकले की थांबा. दुधाच्या क्रीमला 3 ते 5 मिनिटे पुरतात. शेवटच्या मिनिटात बीटर ठेवून हाताने फेटा, कारण वाकलेल्या टोकापासून दाणेदार लोण्यापर्यंतचे अंतर काही सेकंदांचे असते. बीटर नसेल तर तारेच्या हातफेटणीने 8-10 मिनिटे लागतात. रवी चालत नाही. रवीने हवा भरली जात नाही, लोणी निघते.

4. फेटलेल्या क्रीमचा एक डाव सारणात घालून साधेच कालवा, म्हणजे सारण हलके होईल. मग उरलेले क्रीम दोन भागांत घाला आणि चपट्या चमच्याने तळातून वर उचलत, भांडे फिरवत मिसळा. गोल-गोल ढवळू नका. पांढऱ्या दोन-चार रेषा राहिल्या तरी चालतील.

गोठलेली पाई मऊ राहण्यामागे दोन कारणे आहेत. क्रीममधली हवा आणि फॅट बर्फाचे कण मोठे होऊ देत नाहीत. आणि कंडेन्स्ड मिल्कमधली साखर गोठणबिंदू खाली ओढते, म्हणून फ्रीजरमधून काढलेली पाई दगड न होता सुरीने कापता येते. 'साखर जास्त आहे, कंडेन्स्ड मिल्क निम्मे करतो' असे केले तर गोडी कमी होईलच, पण पाई बर्फाची लादी होईल. गोडी कमी हवी असेल तर तुकडा लहान कापा.

गोठवणे

सारण थंड तळावर ओता, चमच्याच्या पाठीने सारखे करा, भांडे ओट्यावर दोनदा हलके आपटा म्हणजे हवेचे मोठे बुडबुडे वर येतील. पहिला तास उघडे ठेवा. वरचा थर घट्ट झाला की प्लास्टिकची पातळ फिल्म पृष्ठभागाला चिकटेल अशी लावा आणि वरून झाकण किंवा फॉइल. आधीच फिल्म लावली तर काढताना वरचा थर निघून येतो. अजिबात लावली नाही तर बर्फाचे तुरे येतात आणि फ्रीजरमधल्या मासळीचा, लसणाच्या पेस्टचा वास पाईला लागतो. दूध आणि फॅट दोन्ही वास फार लवकर ओढतात.

उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये 6 तासांत पाई कापण्याजोगी होते. सिंगल डोअर फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा इतका थंड नसतो. त्याची सोपी परीक्षा म्हणजे त्यात आइस्क्रीमचा कप रात्रभर ठेवून बघा. सकाळी चमचा सहज रुतत असेल तर पाईला रात्र अधिक अर्धा दिवस लागेल. बटण सगळ्यात थंडवर न्या, कप्प्यावर बर्फाचा जाड थर साचला असेल तर आदल्या दिवशी काढा.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि वीजही जाते. फ्रीजरमध्ये पाईच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या ठेवा. वीज गेली तर दार उघडू नका. पाई मऊ पडली पण गार आहे, तर पुन्हा गोठेल, फक्त पोत रवाळ होईल. पूर्ण वितळून कोमट झाली असेल तर टाकून द्या. दुधाचा पदार्थ आहे, त्याला परत गोठवून वाचवता येत नाही.

कापणे आणि वाढणे

हिवाळ्यात वाढण्याच्या 10 मिनिटे आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, बाहेरून वितळते आणि आतून घट्ट राहते. त्याऐवजी 20 मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. साच्याची कड सुटत नसेल तर गरम पाण्यात पिळलेले फडके बाहेरून अर्धा मिनिट गुंडाळा. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, सरळ खाली दाबा, करवतीसारखी पुढे-मागे ओढू नका. दर तुकड्याला पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा.

सजावटीच्या फोडी वाढतानाच ठेवा. आधी ठेवून गोठवल्या तर त्या बर्फाचे खडे होतात आणि दातांना लागतात. फोडीचे पातळ कवच काढून आतला गर ठेवला तर फार सुंदर दिसते. नागपूरची संत्रा बर्फी घरात असेल तर एक वडी कुस्करून वर पेरा, ती या पाईवर अगदी शोभते. खाण्याचा पिवळा-केशरी रंग सारणात घालू नका. फिकट मोतिया रंगावर सालीचे केशरी ठिपके, हेच या पाईचे रूप आहे.

झाकून ठेवली तर 2 आठवडे टिकते, पण पहिल्या 5 दिवसांत सालीचा वास सगळ्यात ताजा असतो.

बिघडले तर

सारण लिंबानंतरही घट्ट झाले नाही: लिंबे जुनी असतील, किंवा रसात पाणी असेल. 1-1 चमचा करत अजून 20 मिलीपर्यंत लिंबू घाला. तरीही पातळ असेल तर तसेच पुढे जा, क्रीम थोडे जास्त घट्ट फेटा. फ्रीजर उरलेले काम करेल, फक्त तुकडा ताटात लवकर सैल होईल.

क्रीम दाणेदार झाले: नुकतेच झाले असेल तर न फेटलेले गार क्रीम 2-3 चमचे घालून हाताने हळूच मिसळा, बहुतेक वेळा परत येते. पाणी वेगळे निघाले असेल तर ते लोणी झाले. पोळीला लावा, पाईसाठी नवे पाकीट उघडा.

खाताना बर्फाचे कण लागतात: संत्र्याचा रस मापाहून जास्त पडला, क्रीममधली हवा ढवळून घालवली, किंवा फ्रीजर कमी थंड असल्याने पाई फार हळू गोठली. तीनपैकी काय झाले ते तुम्हाला आठवेलच.

तळ ताटात भुरभुरतो: लोणी कमी पडले किंवा दाबले कमी. तळ सुरीला दाद देत नाही: चुरा फार बारीक, लोणी जास्त. पाईला 5 मिनिटे जास्त बाहेर ठेवा, तो सुटतो.

कडू लागते: दुसऱ्या दिवशीच कडू लागली तर किसताना पांढरा थर आला आहे. आज बरी आणि चार दिवसांनी कडू, तर रसात बियांचा अंश गेला आहे. झालेल्या पाईचा कडूपणा काढता येत नाही. साखर घालूनही तो लपत नाही.

क्रीम न मिळाल्यास चक्का

डेअरीतला ताजा चक्का 250 ग्रॅम क्रीमच्या जागी चालतो. आधी तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा, गुठळी राहिली तर गोठल्यावर ती खड्यासारखी लागते. चक्का स्वतः आंबट असतो, म्हणून लिंबाचा रस 45 मिली आणि संत्र्याचा 70 मिली करा. फेटायचे काही नाही, नुसते एकजीव करायचे. बीटर नसलेल्या घरात मी हीच कृती आधी सुचवेन. हवा नसल्याने ही पाई जास्त घट्ट होते, वाढण्याआधी 15 मिनिटे लवकर काढा. चव श्रीखंडाच्या जवळ जाते, त्यात दोन चिमटी वेलची घालायचा मोह होईल. अर्धी चिमूट घाला, नाहीतर सालीचा वास मागे पडतो.

संत्र्यांचा हंगाम नसताना

एप्रिलनंतर चांगले संत्रे मिळणे कठीण होते आणि पाई खायची इच्छा तेव्हाच जास्त होते. त्या महिन्यांत नुसत्या लिंबाची करा: लिंबाचा रस 120 मिली, दोन लिंबांची साल, संत्र्याचा रस नाही, बाकी सगळे तेच. पहिल्यांदाच करणाऱ्याला खरे तर हीच सगळ्यात सोपी जाते, कारण सारण लगेच आणि चांगले घट्ट होते. हिवाळ्यात संत्र्यांची साल किसून, थोड्या साखरेत चोळून, लहान डबीत फ्रीजरमध्ये ठेवली असेल तर तिचा एक मोठा चमचा यात घाला. भर मेमध्ये संत्र्याचा वास येतो.

कोणाकडे न्यायची असेल तर साच्यातून काढू नका. साचा फॉइलमध्ये गुंडाळा, थर्मोकोलच्या खोक्यात तळाला आणि बाजूंना गोठलेल्या बाटल्या ठेवा, रिकाम्या जागेत वर्तमानपत्र कोंबा. असे केले तर उन्हाळ्यातही अर्ध्या तासाचा प्रवास ती सहज काढते. पोहोचल्यावर आधी यजमानांच्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग गप्पांना बसा.